इसे जिंगू (जपान): बघायला काहीच नाही, तरी अख्खा दिवस काढा

खडीसाखर

जपान सहलीचं नियोजन करणारे धागे इथे वरचेवर येतात आणि त्यातली देवळांची यादी ठरलेली असते. क्योतोतल्या फुशिमी इनारीच्या नारिंगी तोरींची (देवळापुढच्या कमानींची) रांग, मियाजिमाची पाण्यातली तोरी, वेळ उरला तर निक्को. इसेचं नाव फारसं कुणी काढत नाही. काढलंच तर "तिथे फोटो काढू देत नाहीत आणि देऊळ दिसतही नाही" असं म्हणून ते कटाप होतं. दोन्ही तक्रारी शंभर टक्के खऱ्या आहेत. तरीही मला तिथे जे आवडलं ते सांगायला हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. इसे हे मिए प्रांतातलं छोटं शहर. 'जिंगू' म्हणजे एकच एक देऊळ नव्हे. मोठी-छोटी धरून १२५ देवस्थानं त्यात येतात. मुख्य दोन. नाइकू (आतलं) हे सूर्यदेवता अमातेरासुचं. जपानचं राजघराणं स्वतःला तिचं वंशज मानतं आणि राजचिन्हांपैकी पवित्र आरसा इथे ठेवलेला आहे असं मानतात. तो आरसा कुणी पाहिलेला नाही, पाहायची रीतही नाही. गेकू (बाहेरचं) हे तोयोउकेचं. ही अन्नाची देवता, अमातेरासुच्या जेवणाची व्यवस्था बघणारी. दोन्हींत साधारण पाच-सहा किलोमीटरचं अंतर आहे, मध्ये बस धावते. रिवाज असा की आधी गेकू, मग नाइकू. बहुतेक पर्यटक नेमकं गेकू गाळतात आणि बस पकडून थेट नाइकूला उतरतात. माझ्या मते गाळायचंच असेल तर उलटं गाळा.

कारण गेकूत रोज सकाळ-संध्याकाळ देवांना जेवण वाढतात. सुमारे दीड हजार वर्षं हा क्रम चालू आहे अशी परंपरा आहे. सकाळचा नैवेद्य उन्हाळ्यात आठला, हिवाळ्यात नऊला. विस्तव काडेपेटीने नाही, लाकडावर लाकूड घुसळून पाडतात. नैवेद्यात भात, मीठ, पाणी, साके (तांदळाची दारू), मासे, समुद्री शेवाळ, भाज्या, फळं. भात जिंगूच्याच शेतातला, मीठ फुतामीला जिंगूच्याच मिठागरातलं. स्वयंपाक आपल्याला दिसत नाही. दिसतं ते एवढंच: पांढऱ्या कपड्यातले पुजारी लाकडी पेटी खांद्यावर घेऊन एका रांगेत खडीवरून जातात. काळे खडावे, त्यामुळे प्रत्येक पावलाला खर्र-खर्र आवाज. कुणी बोलत नाही, घोषणा नाही, माइक नाही. बघणारे आम्ही मोजके लोक होतो आणि त्यातले निम्मे शेजारच्या वस्तीतले आजी-आजोबा, जे बहुधा रोज येत असावेत. दोन-चार मिनिटांत रांग कुंपणाआड गेली. मला संपूर्ण जपान सहलीत याहून जास्त काही लक्षात राहिलेलं नाही.

नाइकूला इसुझु नदीवरच्या उजी पुलावरून जावं लागतं. पूल लाकडी, १०१.८ मीटर लांब, दोन्ही टोकांना तोरी. पुढे मोठाले देवदार, खडीचा रस्ता आणि उजव्या हाताला नदीचा घाट. हात-तोंड धुवायला कुंड आहेच, पण मी नदीवरच उतरले. पाणी इतकं स्वच्छ की तळातले गोटे मोजून घ्यावेत. नाइकूत रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, गेकूत डाव्या. मधली जागा देवांची.

शेवटी दगडी पायऱ्या येतात. इथून वर फोटो बंद, पहारेकरी उभा असतो. वर गेलात की लाकडी कुंपण, कुंपणात दार, दारात पांढरा रेशमी पडदा. आत आणखी कुंपणं, एकूण चार, आणि त्यांच्या आत मुख्य देऊळ. आपण पडद्यापुढे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. झालं. वारा आला तर पडदा हलतो, तेवढंच आतलं दिसतं. गवती छपराचा कोपरा आणि आढ्याचा सोनेरी तुकडा बाजूने डोकावून बघता येतो.

घंटा नाही, दगडी कुत्र्यांची जोडी नाही, भविष्याच्या चिठ्ठ्या नाहीत, दानपेटीही नाही, पैसे पांढऱ्या कापडावर टाकतात. प्रवेश फुकट. नाइकू पहाटे पाचला उघडतं, बंद व्हायची वेळ ऋतूप्रमाणे संध्याकाळी पाच ते सात.

देवळाच्या शेजारी तेवढ्याच मापाची मोकळी जागा असते, खडी पसरलेली. मधोमध एक अगदी लहानशी लाकडी खोपटी. गेकूत ती नीट दिसते. पुढचं देऊळ तिथेच उभं राहणार, २०३३ मध्ये. दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर हुबेहूब नवं देऊळ बांधतात, देवांना तिकडे हलवतात आणि जुनं उतरवतात. मागचं २०१३ चं, क्रमाने ६२ वं. पहिलं नाइकूचं इ.स. ६९० मध्ये, सम्राज्ञी जितोच्या काळात.

प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगते. फोटो नदीचे आणि पुलाचेच आहेत, संध्याकाळी चढवते.

---

मनमौजी

लेख छान, पण एक शंका. म्हणजे परंपरा तेराशे वर्षांची म्हणायची आणि लाकूड २०१३ चं? यात ऐतिहासिक काय? आमच्याकडे गावचं दगडी देऊळ पाडून तिथे टाइल्स लावलेलं नवं उभं केलं तर आपण सगळे छाती पिटतो. जपान्यांनी केलं की संस्कृती!

(कुरापत काढत नाहीये, खरंच विचारतोय.)

---

नागोयाकर

@मनमौजी, हा प्रश्न इथल्या ऑफिसात विचारून बघा, समोरचा चहा थंड होईपर्यंत "सो देसु ने" ("हो ना, खरंय") करत बसेल :)

---

सुतारपक्षी

मनमौजी, शंका रास्त आहे आणि ती फक्त तुमची नाही. इसे युनेस्कोच्या वारसा यादीत नाही. मुख्य देवळं जपानच्या राष्ट्रीय ठेव्यांच्या यादीतही नाहीत. याउलट इझुमो या दुसऱ्या जुन्या देवस्थानाचं मुख्य देऊळ १७४४ चं आहे आणि ते राष्ट्रीय ठेवा आहे. जुनं लाकूड हाच निकष असेल तर इसे नापास. 'अस्सल' कशाला म्हणायचं यावर १९९४ साली नारा शहरात जगभरचे जाणकार बसले, तेव्हा फक्त मूळ दगड-लाकडावर न थांबता कारागिरी, वापर, परंपरा हेही धरावं असं ठरलं.

पण तुमच्या गावच्या देवळाशी तुलना एका ठिकाणी लंगडी पडते. टाइल्सवाल्याने जुन्या सुताराचं काम शिकून घेतलं नाही. इसेत सगळा खटाटोप त्याचाच आहे. मी स्वतः लाकूडकामातला, त्यामुळे थोडं पाल्हाळ सहन करा.

बांधणी बघा. खांबांना जोतं नाही, थेट जमिनीत गाडलेले. छपराला कौलं नाहीत, उंच गवताचं जाड शाकार. लाकडाला रंग नाही, लाख नाही, उघडं हिनोकी (जपानी सायप्रस). आढ्यावर आडवे ओंडके ठेवलेले, नाइकूत दहा आणि गेकूत नऊ. दोन्ही टोकांना आभाळात फाकलेले वासे असतात, त्यांची टोकं नाइकूत आडवी कापलेली, गेकूत उभी. आढ्याला बाहेरून टेकू देणारा स्वतंत्र खांब दोन्ही बाजूंना असतो. ही घडण जपानात बौद्ध देवळांची वळणदार छपरं येण्याआधीची, धान्याच्या कोठारांवरून आलेली मानतात. पावसाळी देशात मातीत गाडलेला खांब आणि वरचं गवत किती टिकणार? वीस वर्षंच का, याचं नेमकं कारण कुठल्या जुन्या कागदात लिहिलेलं नाही, पण कारागिराला ते पटतं. विशीत उमेदवारी करणारा पोरगा चाळिशीत स्वतः हत्यार चालवतो आणि साठीत बाकीच्यांवर नजर ठेवतो. तीन फेऱ्या एका माणसाच्या हयातीत बसतात.

लाकूड मुख्यतः मध्य जपानातल्या किसोच्या खोऱ्यातलं. दहा हजारांच्या वर हिनोकी लागतात. पहिली दोन झाडं पाडायची रीत खास आहे: करवत नाही, कुऱ्हाडीने खोडाला तीन बाजूंनी भोकं पाडत आतून पोखरतात, इतकं की झाड तीन पायांवर उभं राहतं. मग एक पाय तोडला की ते ठरलेल्या दिशेला पडतं. पडल्यावर त्याच झाडाचा शेंडा तोडून बुंध्यात खोचतात, जंगलाकडून घेतलं त्याबद्दल. हे करणारे लोक ही रीत मुद्दाम शिकवून टिकवतात.

आणि जंगल? १९२३ पासून जिंगूने स्वतःच्या साडेपाच हजार हेक्टरच्या जंगलात हिनोकीची दोनशे वर्षांची योजना आखून लागवड सुरू केली. लावणारे आता हयात नाहीत. २०१३ च्या देवळाला जवळपास चौथा हिस्सा लाकूड त्या घरच्या जंगलातून मिळालं, कित्येक शतकांनी.

उतरवलेलं लाकूडही फेकत नाहीत. आढ्याचे ते टेकूचे खांब तासून उजी पुलाच्या दोन तोरी करतात. तिथे वीस वर्षं झाली की त्याच तोरी जुन्या यात्रामार्गावर सेकी आणि कुवाना इथे जातात. बाकीचं देशभरच्या देवळांना वाटतात. खडीसाखर ज्या तोरीखालून पुलावर चढल्या ती आधी देवळाचा खांब होती.

नुसतं देऊळ नव्हे, देवांची वस्त्रं, तलवारी, धनुष्यं, आरसे, मागाचं सामान असे ७१४ प्रकार, १५७६ नग पुन्हा घडवतात. २०१३ चा एकूण खर्च सुमारे ५५ अब्ज येन झाला. महाग आहेच.

---

मनमौजी

तासलेला खांब तोरी होतो हे भारी आहे. अंशतः सहमत. ५५ अब्ज मात्र पचायला जड. सरकारी पैसा का?

---

जुनी_वही

नाही, आता नाही. १९४५ च्या डिसेंबरात अमेरिकी ताबा असताना शिंतो (जपानचा मूळ धर्म) आणि सरकार यांची फारकत झाली. पुढची पुनर्बांधणी १९४९ ला ठरलेली होती, युद्धामुळे ती लांबली आणि १९५३ ला लोकवर्गणीतून झाली. फारकत झाल्यापासून जिंगू ही खासगी धार्मिक संस्था आहे. त्याआधी मात्र मेइजी काळापासून (१८६८ नंतर) इसेला राष्ट्रवादाच्या गाभ्यात नेऊन बसवलं होतं. १८६९ मध्ये मेइजी सम्राट स्वतः इसेला आले. त्याआधीची हजारभर वर्षं गादीवर बसलेला सम्राट इकडे फिरकल्याची नोंद नाही. आजही पंतप्रधान जानेवारीच्या सुरुवातीला इथे येतात आणि त्यावर दरवर्षी टीका होते. ही बाजू धाग्यात यायलाच हवी, नाहीतर सगळं देवदार आणि धुकंच होईल.

अजून एक, 'तेराशे वर्षं अखंड' असं जिथे तिथे वाचायला मिळतं ते खरं नाही. नाइकूची पुनर्बांधणी १४६२ नंतर थेट १५८५ ला झाली. मधली १२० हून जास्त वर्षं यादवीची, पैसा नाही. गेकूचं १४३४ नंतर १५६३ ला. आणि ते पैसे कुणी जमवले? केइकोइन नावाच्या बौद्ध मठातल्या सेइजुन या भिक्षुणीने, गावोगाव फिरून. गंमत बघा, बौद्ध भिक्षू-भिक्षुणींना त्या काळी मुख्य देवळाजवळ जाऊ देत नसत, लांबून नमस्कार करायची वेगळी जागा होती. कवी बाशो १६८४ मध्ये गेला तर मुंडन केलेलं डोकं बघून त्यालाही अडवलं, तो भिक्षू नसूनही. जिने देऊळ पुन्हा उभं केलं तिला आत प्रवेश नाही! मला इसेच्या इतिहासातली ही सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते आणि माहितीफलकांवर ती शोधावी लागते.

खरा जीव मात्र एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) यात्रेत आहे. गावागावात लोक इसेच्या नावाने भिशी लावत, चिठ्ठी ज्याच्या नावाची निघेल तो सगळ्यांच्या वतीने जाई. वाटेत उतरायची सोय, जेवण, पूजा सगळं 'ओशी' नावाचे यात्रेचे पुजारी बघत. त्यांचे यजमान प्रांताप्रांतात वाटलेले असत. १८७१ ला सरकारने ती पद्धतच बंद केली. त्या काळात साधारण दर साठेक वर्षांनी यात्रेकरूंची मोठी लाट यायची: १६५०, १७०५, १७७१, १८३०. १८३० ला काही महिन्यांत ४० लाखांच्या वर लोक आले असा अंदाज आहे, आणि जपानची लोकसंख्या तेव्हा जेमतेम तीन कोटी. नोकर मालकाला, सुना सासरी न विचारता निघून येत आणि परत आल्यावर त्यांना शिक्षा करायची नाही असा संकेत होता. ज्यांना स्वतःला जमत नसे त्यांतले काही जण कुत्रा पाठवत! गळ्यात पैशांची पिशवी, वाटेतले यात्रेकरू त्याला खाऊ घालत पुढे नेत. कुत्रे प्रसाद घेऊन परतल्याच्या नोंदी आहेत. इसेच्या दुकानांत आज त्या कुत्र्याची चित्रं सगळीकडे दिसतात.

---

उंडगा

कुत्र्याला पाठवून पुण्य मिळत असेल तर आमचा मोत्या उद्याच निघतो. तो कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याच्या पुढे जाणार नाही ही गोष्ट वेगळी.

जुनी_वही, भिक्षुणीवर स्वतंत्र धागा काढा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

चिंचेचं_पान

मस्त धागा, वाचनखूण साठवली. आम्ही ओसाकाहून दिवसाची फेरी मारायचं म्हणतोय. दोघेही शुद्ध शाकाहारी, मासे-अंडी काही नाही. खायचं काय? आणि जेआर (जपान रेल्वे) पास चालतो का?

---

नागोयाकर

ओसाका नाम्बाहून किन्तेत्सुची लिमिटेड एक्स्प्रेस घ्या, पावणेदोन तास. इसेशी स्टेशनला उतरलात की गेकू पाच मिनिटं चालत. किन्तेत्सु खासगी आहे, जेआर पास चालत नाही. नागोयाहून जेआरची 'मिए' गाडी आहे खरी, पण ती मधला काही पट्टा इसे रेल्वे नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या रुळांवरून जाते आणि पास असला तरी तेवढ्याचे वेगळे पैसे घेतात. गाडीत तपासनीस आला की लोक पास दाखवून वाद घालतात, उपयोग होत नाही.

खाण्याचं थोडं कठीण आहे. इसे उदोन प्रसिद्ध: बोटाएवढ्या जाड शेवया, तासभर उकळून लिबलिबीत केलेल्या, वर काळाकुट्ट सोया सॉस. दिसायला शाकाहारी, पण त्या सॉसमध्ये माशाचा अर्क असतो. तुम्हाला चालणार नाही. तांदळाच्या गोळ्यांतही लेबल वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नका. मी तर घरून ठेपले नेतो.

पण अकाफुकु बिनधास्त खा. १७०७ पासूनचं दुकान, नाइकूच्या बाहेरच्या ओहाराइमाची गल्लीत. मऊ मोची (चिकट तांदळाचा गोळा), वर लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण, त्यावर बोटांनी ओढलेल्या तीन रेघा. त्या रेघा म्हणजे इसुझु नदीचा प्रवाह. मुख्य दुकान पहाटे पाचला उघडतं. नदीकडच्या चटईवर बसायला मिळालं तर उठवत नाही. सोबत चहा देतात. डबा घरी न्यायचा असेल तर लगेच संपवा, एक-दोन दिवसांत मोची कडक होते. भारतात नेण्याच्या भानगडीत पडू नका.

जानेवारीचे पहिले दिवस टाळा, उजी पुलावर पाय ठेवायला जागा नसते.

---

खडीसाखर

जुनी_वही, सेइजुनबद्दल एवढं माहीत नव्हतं, मनापासून धन्यवाद. राजकीय बाजूही योग्य जागी आली.

सुतारपक्षी, तुम्ही गेलात तर गेकूच्या आवारातलं सेंगुकान संग्रहालय चुकवू नका. तिकीट ३०० येन. तिथे गेकूच्या मुख्य देवळाचा एक भाग खऱ्या मापात उभा केलाय. चार कुंपणांआड जे आपल्याला कधीच दिसणार नाही ते तिथे हाताच्या अंतरावर दिसतं. गवताच्या शाकाराची जाडी बघून मी अवाक झाले, छपराच्या कडेला माणूस उभा केला तर कमरेपर्यंत येईल असं वाटलं. २०१७ च्या वादळात संग्रहालयात पाणी शिरलं होतं, २०१९ ला पुन्हा उघडलं.

---

सुतारपक्षी

नोंद घेतली. याच संदर्भात, १९५३ च्या पुनर्बांधणीच्या वेळी छायाचित्रकार वातानाबे योशिओ यांना आत जाऊन फोटो काढायला परवानगी मिळाली होती. वास्तुशास्त्राच्या वर्गांत इसेचे जे काळे-पांढरे फोटो दाखवतात त्यांतले बरेच त्यांचे. त्याआधी १९३३ ला जर्मन वास्तुकार ब्रूनो टाउट जपानात आला आणि त्याने इसेला डोक्यावर घेतलं, नक्षीदार, रंगीबेरंगी निक्कोला मात्र नाकं मुरडली. निक्को मला आवडतं, पण टाउटचा मुद्दा समजतो.

---

नागोयाकर

२०३३ लांब आहे असं समजून थांबू नका. पुढच्या पुनर्बांधणीचे विधी २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाले, त्याच जूनमध्ये किसोत झाडं पाडली. २०२६ आणि २०२७ मध्ये लाकूड ओढून आणण्याचा सोहळा. नाइकूचे ओंडके इसुझु नदीतून पाण्यात उतरून ओढतात, गेकूचे मोठ्या लाकडी गाड्यांवरून रस्त्याने. इसेचे गावकरीच ओढतात, वाडीवाडीचे वेगवेगळे रंगीत अंगरखे, गाणी, आरडाओरडा. वर लिहिलेल्या शांततेच्या अगदी उलट. २०३३ च्या उन्हाळ्यात गावकरी पांढरे गोटे घेऊन नव्या देवळाच्या आवारात जातात. तेवढी एकच वेळ सामान्य माणूस सगळ्या कुंपणांच्या आत पाऊल ठेवतो. देव हलवण्याचा मुख्य विधी मात्र ऑक्टोबरात, रात्री, दिवे विझवून, पांढऱ्या रेशमाच्या आडोशाने.

---

शेवंती

आईला न्यायचंय. वय ७४, गुडघेदुखी, पण हौस दांडगी. झेपेल का? शिवाय आजोबा नुकतेच गेले, सुतक संपून महिना झाला. तिकडे याबाबत काही नियम असतो का?

---

नागोयाकर

काकूंना नक्की न्या. दोन्हीकडे सपाट रस्ता आहे पण पूर्ण खडी, त्यामुळे बूट हवेत, चपला नकोत. व्हीलचेअर दोन्हीकडे मिळते. नाइकूच्या शेवटच्या दगडी पायऱ्या ही एकच अडचण. नाही चढल्या तरी खालून हात जोडणारे बरेच जपानी आजी-आजोबा दिसतील, संकोच वाटणार नाही. गेकू तुलनेने लहान आणि सोपं आहे.

सुतकाचं म्हणाल तर इथे घरात कुणी गेलं की ५० दिवस देवळात जायचं टाळतात. परक्या माणसाला कुणी विचारत नाही. काकूंच्या मनाला लागणार असेल तर तेवढे दिवस उलटल्यावरची तारीख धरा.

---

खडीसाखर

शेवंती, सकाळचा नैवेद्य बघायचा असेल तर आदल्या रात्री इसेतच मुक्काम करा, ओसाकाहून पहिली गाडी पकडून काकूंची दमछाक होईल. आणि महिन्याच्या १, ११ किंवा २१ तारखेला जमलं तर सकाळी आठच्या सुमारास राजघराण्याने दिलेला घोडा देवळापुढे आणतात. तो येतो, मान लववतो, जातो. गेकूला तो जवळून दिसतो आणि तिथे पायऱ्याही नाहीत. इसेशी स्टेशनवर सामान ठेवायला लॉकर आहेत, बॅगा खडीवरून ओढत नेऊ नका.